दाव्यावरची बुइफे

“गाठ मारावी, पण आपण कुणाला बांधलं असं समजू नये,” उलुम्मा आत्या मला एकदा म्हणाली होती.

तेव्हा ती माझ्या सायकलीच्या कॅरिअरवर चढलेल्या शेळीला खाली उतरवत होती. शेळी माझ्या गुडघ्याएवढी. पोट पिंपासारखं, पाय आखूड, जणू घडवणाऱ्याने मोठ्या शेळीच्या हिशोबाने माती मळली आणि पायांपर्यंत येईतो ती संपली. आमच्याकडच्या सगळ्या शेळ्या अशाच असतात. शहरात शिकत असताना मी उत्तरेकडून ट्रकमधून आलेल्या उंच, लोंबत्या कानांच्या शेळ्या पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा मला त्या आजारी वाटल्या होत्या.

दावं खुंटीला जसंच्या तसं होतं. गाठ सुटलेली नव्हती, दोरी चावलेली नव्हती. दाव्याच्या टोकाला शेळीच्या गळ्याएवढी रिकामी जागा होती, बस्स. मी आत्याला विचारलं, ही निघाली कशी? त्यावर तिने ते वाक्य म्हटलं. मी शाळामास्तर. वाक्यं दुसऱ्यांना पाठ करायला देतो, स्वतः करत नाही. तेही विसरून गेलो.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नदीपलीकडच्या गावात दिली होती. देशातलं यादवी युद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी ती पायी परत आली. डोक्यावर टोपली, टोपलीत केळीची पानं, पानांखाली एक करडू. आईने टोपली उतरवून घेतली आणि तिच्या मागे रस्त्याकडे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. “मुलं?” आईने विचारलं. आत्याने करडाला पाणी मागितलं. आईने पुन्हा कधी विचारलं नाही.

युद्धाच्या तिसऱ्या वर्षाबद्दल आमच्या गावात कोणीच कोणाला विचारत नाही. त्या वर्षी मीठ संपलं, मग भिंतीवरच्या पालीसुद्धा संपल्या. पुष्कळ वर्षांनी आत्या माझ्या बायकोला, अदानमाला, कसाव्याच्या कंदांची सालं वाळत घालताना म्हणाली, “शेवटी घरातली शेळी कापली. तिलाही नाव होतं. चार दिवस पुरली.” एवढंच. अदानमाने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. बराच वेळ कोणी वाडग्यात हात घातला नाही.

ती शेळीचं मटण खात नसे, पण तसं कधी बोलून दाखवत नसे. कुणाच्या घरी कार्य असलं की आपला वाटा पानात बांधून घ्यायची आणि वाटेत जे पहिलं लेकुरवाळं घर लागेल तिथे ठेवून पुढे जायची. लोकांना वाटे, म्हातारीला दात नाहीत. दात सगळे होते.

टोपलीतल्या त्या करडाची पाचवी किंवा सहावी पिढी म्हणजे बुइफे. पूर्ण नाव न्वान्यिबुइफे. मुलगा व्हावा म्हणून वाट पाहणाऱ्या बापाला मुलगी झाली की तो मन घट्ट करून हे नाव ठेवतो: बाईसुद्धा काहीतरी असते. गावात या नावाच्या चार बायका आहेत. त्यातली एक डुरुची आई. डुरु म्हणजे आमच्या तरुण मंडळींचा म्होरक्या, दंडाने जाड, मनाने सरळ. तो एकदा भांडायलाच आला.

“आत्या, तू शेळीला माझ्या आईच्या नावाने हाका मारतेस.”

“मग? तुझी आई ओ देते का?”

“देते ना! तोच तर त्रास आहे. काल हातातलं पीठ टाकून धावत आली.”

“मग तुझी आई गुणाची आहे. माझी तर तीन हाकांशिवाय येत नाही.”

डुरु हसू दाबत निघून गेला. त्यानंतर आत्या शेळीला नुसतं ‘बुइफे’ म्हणू लागली. ‘काहीतरी असते’ एवढंच उरलं. कोण, ते गळून पडलं.

आत्या शेळी कशी सांभाळते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो. पाहण्याला तसं कारण नव्हतं. शाळेतून आलं की ओसरीवर बसायचं, समोर तिचं अंगण. हळूहळू मला त्याचा नाद लागला. पाला ती कधी जमिनीवर टाकत नसे. दोन खांबांना आडवी दोरी बांधून, शेळीला मान जरा उंच करावी लागेल अशा बेताने डहाळ्या टांगायची. “जे पायाखाली आलं ते ती खात नाही. आपण खातो.” कसाव्याची सालं ओली कधीच नाही, दोन दिवस उन्हात, हातात घेतल्यावर कडकन मोडली तरच. झोपायला बांबूची मचाण, जमिनीपासून हातभर वर, म्हणजे पावसाळ्यात खूर कुजत नाहीत आणि लेंड्या फटींतून आपोआप खाली पडतात. दर बाजाराच्या दिवशी खालची पापणी अंगठ्याने उलटी करून आतला रंग पाहायचा. गुलाबी असला तर ठीक. पांढुरका दिसला तर पोटात जंत. मग कडू पाल्याचा रस. चुलीतली राख कानामागे, पोटाखाली चोळायची. मीठ तळहातावर द्यायचं. मीठ देताना ती शेळीकडे पाहत नसे, दुसरीकडेच कुठेतरी पाहायची.

बोलायची कमी. शेळीशीही कमी. जनावरं पाळणारी माणसं त्यांच्याशी लाडे लाडे बोलतात ना, तसलं काही नव्हतं. नाव घ्यायची, तेवढंच. पण गावात कुणाची शेळी आजारी पडली, हरवली, अडली की लोक तिच्याकडे यायचे, आणि ती सांगेल तो शब्द शेवटचा. ती कधीच चुकत नसे असं नाही. चुकली तर आपण होऊन घरी जाऊन सांगायची: “मी चुकले. दुसरं काहीतरी होतं.” म्हणून तो शब्द शेवटचा.

बुइफे दोन वर्षं फळली नव्हती. लोक म्हणत, वांझ आहे, खा-खाऊन पिंप झालीय. आत्या म्हणे, “तिला घाई नाही.”

*

आमच्याकडे कोनफळांची लागवड झाली की शेळ्यांवर बंदी येते. एरवी त्या गावभर फिरतात, कुणाच्याही चुलीत तोंड घालतात. पण कोंब फुटल्यापासून वेल काठीवर चढून माणसाच्या खांद्याला लागेपर्यंत प्रत्येक शेळी दाव्यावर. सुटलेली शेळी शेतात सापडली तर तिला चौकात आणतात. तिने वेल खाल्ला असं ठरलं तर तिथेच सुरी, मटणाचे वाटे घरटी, आणि मालकाने आपला वाटा सगळ्यांसमोर खायचा. मनात राग नाही हे दिसावं म्हणून. हे शेवटचं कलम सगळ्यात जुनं, आणि मला विचाराल तर सगळ्यात क्रूर.

त्या वर्षी दवंडीबरोबर लेखी सूचनाही लावायची असं ठरलं. अक्षर चांगलं म्हणून ती माझ्याकडे आली. ती ओसरीवर बसून लिहीत असताना आत्या मागे येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती कागदाकडे बराच वेळ पाहत होती.

“काय लिहिलंस, मास्तर?” मी काही शहाणपणा करत असलो की ती मला मास्तर म्हणायची.

मी वाचून दाखवलं.

“आणि गाभण शेळी?”

“कुणाची?”

तिने नजर कागदावरून काढली नाही.

“कुणाची गाभण आहे, आत्या?”

“मी विचारलं, कागदात काय आहे.”

“कागदात सगळ्या शेळ्या आहेत. बंदी म्हणजे बंदी. एकीला सोडलं की सगळ्यांच्या शेळ्या गाभण निघतील.”

मला माझं उत्तर आवडलं होतं. आता वाटतं, तिने तेव्हा मला पुरेसं सांगितलं होतं. पोटातलं बोलून दाखवू नये, हे आमच्याकडे प्रत्येक बाई पाळते. स्वतःचं असो, सुनेचं असो, जनावराचं असो. बाहेर येऊन रडेपर्यंत ते नाहीच. आत्या तर ते व्रत असल्यासारखं पाळायची. ज्यांनी एकदा बोलून गमावलंय, ती माणसं दुसऱ्यांदा बोलत नाहीत. पण मला तेव्हा कलमं पूर्ण करायची होती.

*

तीन आठवड्यांनी, अफो या वारी भरणाऱ्या बाजाराच्या सकाळी, मी दात घासत असताना आत्या अंगणात उकिडवी बसलेली दिसली. बुइफेच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना ती अंगठे दाबून पाहत होती. एखादी बाई पिकलेल्या फळाचं देठ चाचपते तसं. मग हात पुसून ती पाण्याला गेली. परत आली तेव्हा खुंटीला दावं होतं. या वेळी चावलेलं.

तासाभरात उवाकवेचा आरडाओरडा ऐकू आला. उवाकवे रेल्वेतून निवृत्त होऊन गावी आलेला. अजून शिट्टी गळ्यात घालून शेतावर जायचा, आणि त्याच्या कोनफळाच्या रांगा रुळांसारख्या सरळ असत. दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात, माडाच्या झावळ्यांच्या सावलीला, बुइफे बसलेली त्याला सापडली. आसपास कोंब तुटलेले. त्याने शिट्टी फुंकली. डुरु आणि त्याची मंडळी धावली.

आम्ही चौकात पोचलो तेव्हा बुइफे मोठ्या झाडाच्या मुळाशी आखूड दाव्याने बांधलेली होती. गाठ डुरुची, घट्ट, तिहेरी. गावचे वडीलधारे आपापल्या स्टुलांवर. मधोमध ओसुजी, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. त्याला वय विचारलं की तो मेलेल्यांची नावं सांगत असे.

ओसुजीचा कुठलाही न्याय एका म्हणीने सुरू व्हायचा. जावयाचं भांडण असो, विहिरीचं असो, बँडवाल्यांचं असो, ओसुजी सभेआधी फोडून वाटायचं कडू कोलाफळ हातात घ्यायचा, प्रार्थना करायचा आणि म्हणायचा, “घरात वडीलधारं माणूस असताना शेळीवर दाव्यावर व्यायची वेळ येऊ नये.” म्हणजे, मी बसलोय ना, मी हे चिघळू देणार नाही. आम्ही ती म्हण जेवणातल्या मिठासारखी ऐकायचो. ती कधीतरी खरोखरच्या शेळीबद्दल कोणी बोललं असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

त्या दिवशी ती म्हण आली नाही. शेळी समोर होती, म्हणून त्याला बहुधा ती फारच उघडी वाटली असेल. त्याने दुसरी, कासवाची काढली. मला ते तेव्हा जाणवलं नाही. आत्याला जाणवलं असावं. ती चौकाच्या कडेला उभी होती, आणि कोलाफळ फुटेपर्यंत तिची नजर ओसुजीच्या तोंडावर होती.

“कुणाची शेळी?” ओसुजीने रीतीप्रमाणे विचारलं.

“माझी,” म्हणत आत्या आत आली. बाकीच्या बायका कडेलाच थांबतात. पण बापाच्या चौकात माहेरवाशिणीला थांब म्हणणारा अजून जन्मायचाय.

“ये, आमच्या बापाच्या लेकी. तिने खाल्लं?”

“मी पाहिलं नाही.”

“मी पाहिलं!” उवाकवे म्हणाला.

“खाताना पाहिलंस?”

“बसलेली पाहिली. पोट भरल्यावर बसणारच! पोटाकडे बघा ना तिच्या!”

“पोटाचंच म्हणशील तर, उवाकवे काका,” मागून कोणीतरी म्हणालं, “तूही आत्ता बसलेलाच आहेस.”

हशा पिकला. ओसुजीने काठी आपटली. आत्या म्हणाली, “तुटलेले कोंब आणा.”

उवाकवेने ते गोळा करूनच आणले होते. निवृत्तीनंतरही त्याचा पुराव्यावर विश्वास होता. केळीच्या पानावर वीस-बावीस कोंब. आत्या मांडी घालून बसली आणि एकेक उचलून टोक पाहू लागली. डोळ्यांजवळ न्यायची, अंगठ्याची कड फिरवायची, उजवीकडे ठेवायची. मी पुढे सरकलो. माझं लक्ष तिच्या अंगठ्यावर होतं. सकाळी याच अंगठ्यांनी ती काय चाचपत होती?

“इबे, इकडे ये,” तिने मला हाक मारली. “हे बघ. काय दिसतं?”

“कापलंय.”

“कसं?”

“तिरकं. सुरीने कापल्यासारखं.”

“शेळीला वर पुढचे दात असतात?”

मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं शेळ्यांमध्ये राहून मला हे माहीत नव्हतं. आत्या उठली, बुइफेकडे गेली, तिचा वरचा ओठ उचलला. गुलाबी, कडक हिरडी, आणि दात एकही नाही. डुरु वाकून पाहू लागला, मग त्याच्या मागचे दोघं. मग दोन वडीलधारेसुद्धा स्टुलांवरून उठले.

“शेळी खालच्या दातांत धरते आणि झटका देऊन ओढते,” आत्या म्हणाली. “तिने तोडलं की टोक फाटतं, रेषा निघतात. असं साफ, तिरकं फक्त रानघूस कापते. उवाकवे, तुझ्या शेताच्या त्या टोकाला बोरूचं रान आहे. तिथे घुशींची वाट असेल. हातभर रुंद, गवत चेपलेलं.”

उवाकवेचा चेहरा बदलला. “आहे,” तो म्हणाला. वाट त्याने पाहिली होती.

“बघा!” मागून बायका म्हणाल्या. “बघा, बघा!” डुरुचे मित्र हिरमुसले, त्यांनी लाकडं गोळा केली होती. मी तिच्याकडे पाहिलं.

आत्याने शेवटचे तीन-चार कोंब हातात घेतले होते. दोन उजवीकडे ठेवले. एक उचलला, अंगठा फिरवला आणि तशीच राहिली. मी अगदी जवळ होतो. टोक फाटलेलं होतं. रेषा निघालेल्या.

तो कोंब ढिगात टाकला असता तर कोणालाच कळलं नसतं. मला कळलं असतं, आणि मी बोललो नसतो. ही गोष्ट लिहिण्याचं खरं कारण बहुधा हेच आहे. तिने तो बराच वेळ धरला. चार दिवस पुरली, असं तिने कधीतरी म्हटलेलं मला त्या क्षणी का आठवलं, ते ठाऊक नाही.

तिने तो डावीकडे ठेवला. एकटा.

“तो काय?” ओसुजीने विचारलं.

“हा माझ्या पोरीचा.”

मग उवाकवेच हळूच म्हणाला, “एकच आहे ना?”

“एकच.”

“एकाचं काय एवढं...” तो म्हणाला, आणि स्वतःच शिट्टीला हात लावून थांबला. नियम त्याच्याच बाजूने होता आणि त्याला तो नकोसा झाला होता.

ओसुजीने सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “मास्तर, कागद.”

मी खिशातून कागद काढला. वाचला. माझंच अक्षर, माझीच कलमं: खाल्लं असेल तर. एक की वीस, असं त्यात नव्हतं. गाभण असंही त्यात नव्हतं. माझा आवाज वर्गात घुमतो तसा तिथेही घुमला.

“ठरलं,” ओसुजी म्हणाला. म्हातारा दगड झाला होता. “डुरु.”

डुरु सुरी आणायला उठला. पाय ओढत चालला. बायकांमधून त्याची आई ओरडली, “अरे, माझ्या नावाची आहे ती!” पण ती चेष्टा होती की काय, कोणालाच कळलं नाही, तिला स्वतःलाही.

आत्या अजून बसलेली होती. तिचं लक्ष डुरुकडे नव्हतं. ती शेळीकडे पाहत होती. बुइफे दाव्याच्या टोकापर्यंत गेली होती आणि पुढच्या खुराने माती उकरत होती. उकरायची, बसायची, लगेच उठायची, मागे वळून स्वतःच्या कुशीकडे पाहायची. मला वाटलं, माणसांच्या गर्दीला घाबरलीय.

“ओसुजी,” आत्या म्हणाली. बसल्या जागेवरूनच. “तू आज तुझी म्हण म्हटली नाहीस.”

“कोणती?”

“तुझी. जी तू नेहमी म्हणतोस.”

“आता काय त्याचं?”

“म्हण. एकदा म्हण.”

म्हाताऱ्याला कोणी म्हण म्हणायला सांगितली की तो नाही म्हणत नाही. त्याने काठी सरळ केली, घसा साफ केला.

“घरात वडीलधारं माणूस असताना...” तो म्हणाला, आणि आत्याने हनुवटीने झाडाकडे खूण केली. “...शेळीवर दाव्यावर...”

बुइफे खाली बसली, आडवी झाली, आणि एक लांब, खालच्या पट्टीतला आवाज काढला. तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिच्या शेपटीखाली पाणमोट चमकली.

ओसुजीचं तोंड उघडंच राहिलं. उरलेली म्हण कोणी म्हटली नाही.

पहिला हलला उवाकवे. “सोडा तिला!” तो ओरडला. “अरे, सोडा कोणीतरी!” डुरु सुरी घेऊन परत येत होता, त्याने ती दोरीकडे नेली आणि दहा आवाज एकदम उठले, “सुरी नको! सुरी नको!” त्याने ती गवतात फेकली. मी गाठीला हात घालायला वाकलो. आत्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही. पण मला कळलं, हे माझं काम नाही.

ते वडीलधाऱ्याचं काम होतं. आणि तिथे सगळ्यात वडीलधारं माणूस कोण, याबद्दल शंका नव्हती.

ओसुजी उठला. त्याला उठायला नेहमी दोघं लागत. त्या दिवशी त्याने कोणाला जवळ येऊ दिलं नाही. काठीवर भार देत झाडाकडे गेला, गुडघ्यांवर बसला. तिहेरी गाठ. त्याची बोटं लाकडासारखी.

“कोणत्या गाढवाने बांधली ही?”

“मी, आजोबा,” डुरु म्हणाला.

“हत्ती धरून आणला होतास काय?”

शेळी कळा देत होती आणि प्रत्येक कळेला दावं ताणलं जायचं, गाठ आणखी आवळायची. ओसुजी थांबायचा, कळ ओसरू द्यायचा, मग पुन्हा बोटं लावायचा. त्याच्या कानामागून घाम वाहत होता. आयुष्यभर तो जे बोलत आला ते आता त्याला हातांनी करावं लागत होतं, आणि चौकातली शंभर माणसं त्याच्या नखांकडे पाहत होती. शेवटी त्याने वाकून आपला एकुलता एक पुढचा दात गाठीत घातला. गाठ सैल झाली. त्याने दावं गळ्यातून काढलं आणि दूर टाकलं, साप टाकावा तसं.

मग आत्या उठली. बुइफेजवळ बसली, तिला हात लावला नाही, नुसती बसली. पहिलं करडू पुढचे पाय आणि नाक अशा क्रमाने आलं, काळं, डोक्यावर पांढरा ठिपका. आत्याने बोटाने त्याच्या तोंडातला चिकटा काढला आणि ते आईच्या नाकापाशी ठेवलं. दुसरं पंधरा मिनिटांनी आलं. उलटं. पाय आधी. तेव्हा मात्र तिने दोन बोटं घातली, श्वास रोखला, आणि शेळीच्या कळेबरोबरच हलकेच ओढलं. ते श्वास घेईना. तिने त्याला मागच्या पायांनी धरून एकदा झोका दिला, छातीवर हात चोळला. पुन्हा झोका. मग ते शिंकलं.

“वांझ, वांझ म्हणत होतो,” एक बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली.

“सकाळपासून जागा शोधत होती बिचारी,” उवाकवे स्वतःशीच बोलला. “माझ्या झावळ्यांखाली. खायला नव्हतीच आली.” जणू त्याच्या शेताचा तो मान होता.

ओसुजी अजून जमिनीवरच बसलेला. तो तिथूनच बोलला, आवाज बारीक झालेला. “दूध पाजणारीला सुरी लावत नाहीत. हे माझ्या आजोबांच्या आजोबांपासून आहे. करडं सुटेपर्यंत नाही.”

“तोवर बंदी उठेल,” डुरु म्हणाला.

“उठेल.”

“मग उठू दे,” डुरु म्हणाला. त्याने गवतातली सुरी शोधली नाही.

“पण माझा एक कोंब!” उवाकवे म्हणाला. आता तो लाडात आला होता. “त्याचं काय? मचाणीखालच्या लेंड्या यंदा माझ्या शेताला!”

“आणि घुशींच्या वाटेवर फासे लाव आधी,” ओसुजी म्हणाला. “मला कोणीतरी उठवा.”

लोक उठवायला धावले, बोलू लागले, हसू लागले. डुरुची आई सगळ्यांना सांगत होती की तिला जुळं झालंय. या गोंधळात मी आत्याजवळ गेलो. माझ्या हातात अजून तो कागद होता. मला विचारायचं होतं: तुला सकाळीच कळलं होतं ना? मग तो कोंब वेगळा का ठेवलास? आणि म्हातारा म्हण म्हणेपर्यंत बुइफे थांबली नसती तर? कोणता प्रश्न आधी विचारावा ते मला ठरवता येईना.

“आत्या,” मी म्हणालो, “त्या दिवशी तू विचारलं होतंस. गाभण शेळीचं. मी लिहायला हवं होतं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कमरेला गुंडाळलेल्या दोन लुगड्यांतलं वरचं सोडलं, दोन्ही ओली करडं त्यात घेतली आणि ते गाठोडं अगदी खाली, गुडघ्यांपाशी धरलं. बुइफेला वास येत राहील एवढं खाली. दावं तिथेच मातीत पडलं होतं. तिने ते उचललं नाही. ती चालू लागली, पाठीत वाकलेली. बुइफे तिच्या मागून, गाठोड्याला नाक लावून, आखूड पायांनी. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. माझ्यासमोरून, ओसुजीसमोरून, कोंबांच्या त्या ढिगावरून आणि बाजूच्या एकट्या कोंबावरून पाय उचलत ती चौकाबाहेर पडली.